वारा फिरेपर्यंत

चिपळूणला बहिणीच्या घरी पोचलं की वैजयंती दाराची बेल वाजवत नसे. फाटकातून आत शिरायचं, उजवीकडे वळायचं आणि घराच्या कडेला मुद्दाम बांधलेल्या न्हाणीत जायचं. तिथे खुंटीवर पल्लवीचा एक जुना पंजाबी ड्रेस तिच्यासाठी लटकवलेला असे. आधी केसांवरून भरपूर पाणी, मग अंगावरून. अंगातले कपडे पिशवीत कोंबून पिशवीचं तोंड गच्च बांधायचं. डोळे धुवायचे, नाकात पाणी घेऊन शिंकरायचं. एवढं सगळं उरकून ती घरात पाऊल टाकी, तोवर 'आली, आली' म्हणायची वेळ निघून गेलेली असे.

नागपूरला भावाकडेही हीच तऱ्हा. तिथे वहिनीचा गाऊन असे. दोन्ही घरांतल्या फोटोंमध्ये वैजयंती कायम दुसऱ्याच्या कपड्यांत दिसे.

त्या जानेवारीत ती नागपूरहून कऱ्हाडला स्वतःच्या घरी एक रात्र टेकून तशीच पुढे चिपळूणला आली होती. बरोबर संत्र्याची बर्फी होती, वहिनीने पल्लवीच्या ओवीसाठी दिलेले चांदीचे पैंजण होते, आणि बरेचसे निरोप.

"ईशान किती उंच झालाय गं?" पल्लवीने डबा पुसता पुसता विचारलं. "फोनवर काही कळत नाही."

"माझ्या डोक्याच्या वर गेलाय."

"माझ्या वतीने मिठी मारलीस ना त्याला?"

"मारली."

खरंच मारली होती. चौदा वर्षांचा ईशान ताठ उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "ही पल्लवीआत्याची ना?" मग 'झाली का?' अशा बेताने बाजूला झाला होता.

वैजयंतीला त्या दिवशी पल्लवीला एक सांगायचं होतं. दोन महिने पोटात दुखत होतं, अंगावरून जात होतं, आणि डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. पण पल्लवी नागपूरला न्यायच्या वस्तू काढत बसली. कोकम, आंबापोळी, दादाला आवडणारं कुळथाचं पीठ. "हे वर ठेव हं, फुटेल," ती म्हणाली. वैजयंतीने ते वर ठेवलं. सांगायचं राहून गेलं.

हे असं का झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

पल्लवी लहानपणी दम्याने बेजार असे. कऱ्हाडच्या बाहेर मोकळ्या जागी गाजर गवत माजलेलं असायचं, थंडीत उसाला तुरे यायचे, आणि त्या दिवसांत पल्लवीच्या छातीतून बारीक शिटी वाजू लागे. आईबाबा दमून झोपले की मोठी बहीण म्हणून वैजयंती तिला पाठीशी उशा लावून बसवे आणि म्हणे, "नाकाने घे, तोंडाने सोड. माझ्याबरोबर." पुढे उन्हाळे लांबले, हवेत कर्बवायू वाढला, आणि झाडंगवतं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिवस आणि जास्त पराग उधळू लागली. जे एका ऋतूचं दुखणं होतं ते बारमाही झालं. घराघरांत कुणीतरी शिंकत, खाजवत, धापा टाकत बसलेलं असे.

पराग म्हणजे वनस्पतीचं नरबीज, पिठाहून बारीक. माणसाला त्याच्यापासून खरं तर काही धोका नाही. पण काहींचं शरीर परागावरच्या प्रथिनांना शत्रू समजतं आणि नाकाडोळ्यांत, श्वासनलिकेत लढाई पेटवतं. यावर जुना उपाय होता: त्याच परागांचा कणभर अंश वर्षानुवर्षं टोचत राहून शरीराला सवय लावायची. नवा शोध त्याच्या पुढचा होता. एखाद्या गावच्या हवेतून वर्षभर सगळे पराग गोळा करायचे, त्यांची प्रथिनं सूक्ष्म मेदकणांत गुंडाळायची आणि ती रोज जिभेखाली ठेवायची. तीन महिन्यांत शरीरात समजूत घालणाऱ्या पेशींची एक फौज उभी राहते. ती बाकीच्या पेशींना सांगते, हे आपले आहेत, यांना सोडा. लोक या उपचाराला 'हवा बसवणं' म्हणू लागले. अमक्याला नाशिकची हवा बसवली, तमकीला सांगलीची.

पल्लवीला मंदारशी लग्न झाल्यावर चिपळूणची हवा बसवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती मार्च महिन्यात खिडकी उघडी टाकून झोपली. भाऊ संग्राम नोकरीमुळे नागपूरला होता. त्याच्या घरातल्या तिघांनाही तिथली हवा बसली.

दुसरी बाजू कळायला सहा-सात वर्षं गेली. शरीर एका हवेला आपलं म्हणायला शिकलं होतं, तसंच ते बाकी सगळ्या हवांना परकं ठरवायलाही शिकलं होतं, आणि तेही आधीपेक्षा दुप्पट रागाने. बाभूळ सगळीकडे बाभूळच. पण माती, पाऊस आणि गाड्यांचा धूर यांनी तिच्या परागांवरची प्रथिनं बदलतात. चिपळूणच्या बाभळीला ओळखणारं शरीर कऱ्हाडच्या बाभळीवर तुटून पडे. पावसाळ्यात पराग धुऊन जात, तर बुरशीचे बीजाणू उठत. एकदा बसलेली हवा पुन्हा उठवता येत नव्हती. दुसऱ्या गावची हवा बसवायचे प्रयोग झाले, ते फसले.

मास्क होते. चांगला मास्क आणि गॉगल लावला तर परक्या हवेत चार-पाच तास काढता येत. पण कुणाचा तरी मास्क सरकला आणि घसा बंद पडून माणूस गेलं, अशा बातम्या अधूनमधून येत आणि लोक धसका घेत. सुरुवातीला माणसं धडपडून एकमेकांकडे जायची. मग हळूहळू 'शक्य नाही' असं म्हणायची सोय झाली. उपचाराने जेवढी माणसं जागी खिळली, त्याहून जास्त या सोयीने खिळली.

ज्यांना मुळातच कशाचं वावडं नव्हतं, त्यांना हवा बसवायची गरज पडली नाही. सरकारी भाषेत ते 'असंवेदी'. लोक म्हणत, मोकळी माणसं. थोरवडे भावंडांमध्ये वैजयंती तेवढी मोकळी होती.

त्यामुळे लग्नाकार्याला वैजयंती. बारशाला वैजयंती. पल्लवीच्या नणंदेच्या दिराचं ऑपरेशन असलं तरी, "वैजू जाईल ना, तिला कुठे काय होतंय!" ती कऱ्हाडच्या एका शाळेत शिकवत होती. रजा पुरेनात, म्हणून तिने शाळा सोडली आणि घरी शिकवण्या घेऊ लागली. लग्नाचं दोनदा जमत आलं होतं. पण एक मुलगा नाशिकचा, एक धुळ्याचा, आणि कऱ्हाडला आई एकटी. ते मागे पडलं ते पडलंच.

मागच्या वर्षी आई गेली. कृष्णेच्या काठी चुलतभावाने अग्नी दिला. वैजयंतीच्या उजव्या हातातल्या फोनवर संग्राम होता, डाव्या हातातल्या फोनवर पल्लवी. "जरा डावीकडे कर," संग्राम रडत रडत म्हणत होता. "ताई, आईचा चेहरा," पल्लवी म्हणत होती. शेवटचा नमस्कार करायची वेळ आली तेव्हा दोन्ही हातांत फोन असल्यामुळे तिला हात जोडता आले नाहीत. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

तपासण्यांमध्ये गर्भाशयात गाठ निघाली. गर्भाशय काढावं लागणार होतं.

"बरोबर कोण येणार?" डॉ. फडतरे बाईंनी विचारलं.

"मी एकटीच आहे."

"घरचं कुणी नसेल तर एखादं मोकळं माणूस बोलवा. हल्ली सगळे तेच करतात."

"मीच मोकळी आहे," वैजयंती म्हणाली.

बाईंना आधी हसू आलं, मग त्यांनी ते आवरलं.

संग्रामला फोन केला तर तो हबकलाच. "अगं, आधी नाही का सांगायचं! थांब, मी करतो काहीतरी. पुण्याची मोकळ्या माणसांची एक संस्था आहे, त्यांची माणसं फार प्रेमळ असतात म्हणे. चांगली बाई पाठवतो."

आली ती सुषमा घोलप. पंचेचाळिशीची, नीटनेटकी, खांद्याला कापडी पिशवी. "मी संग्रामदादांकडून आले," ती म्हणाली, आणि तिने दवाखान्याच्या खोलीतलं टेबल पुसलं, थर्मास भरून आणला, नर्सशी ओळख काढली. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दुपारी वैजयंती कण्हत पडली होती. सुषमा खुर्ची ओढून जवळ बसली. "दादा म्हणाले, वैजूला लहानपणी दुखलंखुपलं की डोक्यावरून हात फिरवलेला लागायचा." आणि तिने हात फिरवायला सुरुवात केली.

हात उबदार होता. ठेवण्याआधी सुषमाने तो हलकेच स्वतःच्या गालाला लावून पाहिला होता. वैजयंतीने ते पाहिलं, कारण ती स्वतः नेमकं तेच करत असे. नातेवाइकांसाठी जाई तेव्हा, नागपूरच्या दवाखान्यात, धुळ्याच्या, मिरजेच्या. 'तुमची मुलगी म्हणाली, तुम्हाला असं बरं वाटतं.' त्या म्हाताऱ्यांचे डोळे मिटलेले असायचे. त्यांना बरं वाटतंय, असं ती समजत आली होती.

"किती वर्षं करता हे काम?" तिने विचारलं.

"झाली की आठ."

"आणि तुम्हाला बरं नसलं की?"

सुषमाने थोडा विचार केला. "आमचं काय, ताई," ती म्हणाली, "आम्ही सगळीकडे असतोच की."

"हात राहू दे आता. नुसत्या बसा."

सुषमाने हात काढला. तिलाही सुटल्यासारखं झालं असावं. तिने चपला काढल्या, पाय खुर्चीवर घेतले आणि बघता बघता तिचा डोळा लागला. वैजयंती तिच्याकडे बघत पडून राहिली. झोपेत ती बाई कुणाच्याच वतीने आलेली दिसत नव्हती.

रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरची होती, पण वेळेत निघाली होती. औषधं नकोत, दर सहा महिन्यांनी तपासणी. डॉक्टरांनी सहा आठवडे गाडी चालवायची नाही, वजन उचलायचं नाही असं बजावलं. सुषमा दुसऱ्या पेशंटकडे सोलापूरला गेली, आणि वैजयंती रिक्षाने घरी आली.

संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. ती खूप रडली. "ताई, मला इतकं वाटतंय गं यावंसं. पण…"

एरवी वैजयंतीने ते 'पण' स्वतःच पूर्ण केलं असतं. अगं, मला कळतं, तू काळजी करू नकोस, वगैरे. आज तिने केलं नाही.

"पण काय?" तिने विचारलं.

"पण म्हणजे… तुला माहितीये ना."

"नाही माहिती. सांग."

मग पल्लवी म्हणाली, "ओवी हाक मारतेय. नंतर करते."

चार दिवसांनी संग्रामचा फोन. नव्या घराची वास्तुशांत मार्चमध्ये ठरली होती. "तोवर तू ठणठणीत होशील. दोन दिवस आधीच ये म्हणजे झालं. येताना पल्लवीकडून…"

"मी येणार नाही, दादा."

"डॉक्टर नको म्हणाले का?"

"नाही. डॉक्टर हो म्हणाले."

तब्येतीला जप वगैरे बोलून दोघांनी फोन ठेवला.

मग फोन येईनासे झाले. भांडण झालं नव्हतं. फक्त सांगायला निरोप उरले नव्हते. वैजयंतीच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं दोन्हीकडून फोन यायचे ते बहुतेक एकमेकांसाठीच असायचे. ती सकाळी शिकवण्या घेई, दुपारी पडून राही, उन्हं उतरली की हळूहळू चालत नदीच्या संगमावर जाऊन बसे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या छातीवर परागमापकाचे बिल्ले चमकत. हवा ज्याची त्याला मानवली की बिल्ला हिरवा, परके पराग वाढले की पिवळा, मग लाल. सगळे हिरवे. सगळे आपापल्या गावात. तिचा बिल्ला पांढरा होता. मोकळ्या माणसांचा तसाच असतो. त्याला दाखवायचं काहीच नसतं. एकदा तर तिने डॉ. फडतरेंना विचारलं, मला इथली हवा बसवता येईल का? बाई म्हणाल्या, "तुमचं शरीर कशालाच परकं मानत नाही हो. आपलं मानायला शिकवायचं तरी कशाला?"

फेब्रुवारी संपत आला तेव्हा एका दुपारी पल्लवीचा फोन आला. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"ताई, गुरुवारी घाटमाथ्यावर येशील?"

"कुठे?"

"कुंभार्ली घाटाच्या वर. नीट ऐक, मी सगळं बघितलंय. या दिवसांत दुपारी समुद्रावरचा वारा घाट चढून वर जातो. जाताना आमचीच हवा घेऊन जातो. आंबा, काजू, सगळे आमचेच पराग. पराग केंद्राच्या नकाशात दिसतं ते, माथ्यापर्यंत हिरवं होतं. संध्याकाळी वारा फिरतो, मग देशावरची हवा खाली उतरायला लागते. तोवर मी तिथे नीट बसू शकते. वारा फिरेपर्यंत."

"मंदार आणून सोडणार आहे का?"

"मंदारला घाटाखाली पोफळी गावात मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगणार आहे. तो येऊ देणार नाही, ताई."

नको म्हणावं, हे वैजयंतीला त्याच क्षणी कळलं होतं. "मी एसटीने येते," ती म्हणाली.

गुरुवारी ती स्वतःच्या कपाटातली निळी इरकल साडी नेसली. पाटण मागे पडलं, कोयनानगर गेलं, आणि माथ्यावर कंडक्टरने तिला उतरवलं. वारा एवढा होता की पदर सावरेना. कड्याच्या टोकाशी वाळलेलं गवत सगळं पूर्वेकडे झुकलं होतं. कठड्यापाशी पल्लवीची पांढरी गाडी उभी होती, आणि गाडीबाहेर, मास्कबिस्क काही न लावता, पल्लवी.

दोघी पाच-सहा पावलांवर थांबल्या. सवयीने.

"अगं, माझ्या अंगावर कऱ्हाडची…" वैजयंती म्हणेपर्यंत पल्लवीने येऊन तिला मिठी मारली. केसांत तोंड खुपसून घट्ट मारली. वैजयंतीला हात कुठे ठेवावेत ते सुचेना. ही कुणाची मिठी, असं क्षणभर मनात आलंसुद्धा.

"टाके, टाके," ती म्हणाली, तेव्हा पल्लवी हसत बाजूला झाली.

"दाखव मला."

"इथे?"

"गाडीत."

मागच्या सीटवर वैजयंतीने निऱ्या थोड्या सैल केल्या. पल्लवीने वाकून बघितलं. जखमेची रेघ अजून गुलाबी होती. तिने रेघेच्या शेजारून, तिला न लावता, बोट फिरवलं. "दुखतं?"

"आता नुसतं खाजतं."

"जवळ कोण होतं?"

"दादाने पाठवलेली बाई होती."

"चांगली होती?"

"माझ्याइतकीच."

पल्लवीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बंद गाडीत बसून बोलायचं तर फोन काय वाईट, म्हणून दोघी पुन्हा बाहेर आल्या आणि कठड्यावर बसल्या. पल्लवीने घावन आणले होते, ओल्या खोबऱ्याची चटणी आणली होती. खाली दरीत पांगारे लालभडक फुलले होते. पल्लवी ओवीच्या शाळेतलं काहीबाही सांगत होती. शेजारी कुणी खात असताना आपण खाणं किती वेगळं असतं, हे वैजयंती विसरूनच गेली होती.

"आईच्या वेळी तू येऊ शकत होतीस," ती म्हणाली. रागाने नाही; इतके दिवस ओठांवर होतं, ते आत्ता बाहेर पडलं.

"हो."

वारा कानांवरून जात राहिला.

"मास्क होता घरात," पल्लवी म्हणाली. "मंदार सोडतो म्हणत होता. मी लावूनसुद्धा बघितला. मग वाटलं, ताई आहे ना तिथे." थोडं थांबून ती म्हणाली, "तू नसतीस तर मी आले असते."

वैजयंतीने हातातला घावनाचा तुकडा डब्यात ठेवला. आपण जात राहिलो म्हणून यांची ये-जा चालू राहिली, अशीच तिची समजूत होती. आपण गेलो, म्हणूनच कुणाला यावं लागलं नाही, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तिने पल्लवीकडे पाहिलं. पल्लवी रडत नव्हती. ती समोर दरीत बघत होती, आणि तिचा हात वैजयंतीच्या हातावर होता.

गवत सरळ झालं होतं. वारा पडला होता. मग मागून, देशाच्या बाजूने, एक कोरडी झुळूक आली, आणि गवताचे शेंडे जरासे पश्चिमेकडे कलले. पल्लवीच्या छातीवरचा बिल्ला पिवळा झाला. तिने तो काढून पर्समध्ये टाकला. "आत्ता कुठे," ती म्हणाली. "थोडा वेळ आहे अजून."

थोड्या वेळाने वैजयंतीला शिटी ऐकू आली. अगदी बारीक, श्वास सोडताना शेवटी. बिल्ला सांगो न सांगो, तो आवाज तिने कुठेही ओळखला असता. 'निघ' एवढंच म्हणायचं होतं. तिने म्हटलं नाही. पल्लवी लहानपणी कौलांवर चढल्याची गोष्ट सांगत होती, हसत होती, आणि हे संपावं असं वैजयंतीला वाटत नव्हतं. तिच्यासाठी कुणी असं बसून राहिलं नव्हतं. आणखी थोडं. आणि खोल कुठेतरी हेही होतं, की एकदा कुणाला तरी माझ्यासाठी त्रास होऊ दे.

पल्लवी वाक्याच्या मध्येच थांबली. तिने कठडा घट्ट धरला. खांदे वर ओढले गेले, तोंड उघडलं, पण हवा आत जाईना. ओठांच्या कडा निळ्या दिसू लागल्या.

"पल्लू! पंप कुठाय?"

पल्लवीने गाडीकडे बोट केलं. वैजयंती धावली. पोटात काहीतरी चर्रकन ओढलं गेलं. डॅशबोर्डमधला पंप आणून तिने पल्लवीच्या तोंडात धरला, एकदा, दोनदा. तिला ओढत नेऊन पुढच्या सीटवर बसवलं, काचा बंद केल्या, हवेची गाळणी पुरी चालू केली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते तिला आठवलंही नाही. गाडी घाटाला लागली. एकामागून एक वळणं. समोरून एक टँकर कण्हत वर येत होता. त्याला बाजू देतानाही तिचा आवाज स्थिर होता. "नाकाने घे, तोंडाने सोड. माझ्याबरोबर, पल्लू. घे… सोड." पल्लवीचं डोकं काचेला टेकलं होतं. तिची बोटं वैजयंतीच्या पदराचं टोक शोधत होती. ते सापडल्यावर तिने ते मुठीत धरलं.

निम्मा घाट उतरल्यावर शिटी ऐकू येऊ लागली. मघाशी ती धोक्याची खूण होती. आता हायसं वाटलं, कारण शिटी वाजते याचा अर्थ हवा जाते. आणखी काही वळणं गेली. एका रुंद जागी वैजयंतीने गाडी थांबवली आणि काच थोडी खाली केली. खालून दमट, उबदार वारा आत आला, पल्लवीचा. ती डोळे मिटून तो घेत राहिली. ओठांवर हळूहळू रंग परतला.

"मला ऐकू आली होती," वैजयंती म्हणाली. "शिटी. बरीच आधी."

"मलाही कळलं होतं."

"मग उठली का नाहीस?"

"तू निघ म्हणाली नाहीस," पल्लवी म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता. "मला वाटलं, निदान आज तू म्हणेपर्यंत उठायचं नाही."

वैजयंतीने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं आणि ती रडली. आई गेल्यावर रडायचं राहिलं होतं ते, दवाखान्यात राहिलं होतं ते, सगळंच एकदम आलं. पल्लवीला तिच्या पाठीवरून हात फिरवायलाही ताकद नव्हती. तिने नुसता तिथे ठेवला.

मंदारला फोन करावाच लागला. तो एका मित्राच्या बाईकवर मागे बसून आला. त्याने आधी पल्लवीचे ओठ बघितले, नखं बघितली, मग वैजयंतीकडे वळला. "ताई, तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"हो," वैजयंती म्हणाली. "कळलं होतं."

वैजयंतीच्या साडीवर पोटापाशी ओलसर डाग दिसत होता. तो मंदारने पाहिला आणि त्याचा आवाज खाली आला. "घरी चला. डॉक्टरांना दाखवू. आज न्हाणीबिणी राहू दे."

"हो ताई, घरी चल," पल्लवी म्हणाली.

वैजयंतीने पदर ओढून डाग झाकला. एकच टाका उसवला असावा, फार नव्हतं. "कऱ्हाडला डॉक्टर आहेत माझ्या. एसटी येईलच वर जाणारी."

"पण का?"

"तुझ्या घरी आले, की पुन्हा मीच आले असं होईल," ती म्हणाली. "आज तू आली होतीस. ते तसंच राहू दे."

पल्लवीने मान हलवली. कळलं म्हणून की नाही कळलं म्हणून, ते सांगता आलं नसतं. मंदारने हात करून एसटी थांबवली. कंडक्टरने दार उघडलं. वैजयंती पायरीवर चढत होती, तेव्हा पल्लवीने काच पूर्ण खाली केली.

"ताई, पुढच्या गुरुवारी पण वारा पश्चिमेचाच आहे. नकाशात आहे."

मंदार गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं, मग वैजयंतीकडे. आता समंजसपणे नको म्हणायची जबाबदारी तिचीच होती; घरात ती कायम तिचीच असायची.

"ये," वैजयंती म्हणाली. "मंदारला घेऊन ये. मी वर येऊन वाट बघते. आणि या वेळी शिटी वाजली, की मी सांगेन."

कंडक्टरने बेल मारली. एसटी घाट चढू लागली, आणि ती मागच्या काचेतून बघत राहिली. पल्लवीची गाडी बराच वेळ तिथेच उभी होती.